अंगणात शाळा नेणाऱ्या अनुताई



आपल्या मंडळाला यंदा दहा वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत प्रत्येकीने काही तरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा मी हुलग्याच्या शेंगोळ्यांची कृती लिहून देणार होते. परंतु अध्यक्षबाईंनी आग्रह धरला की, कृती सगळ्याच देतात, तुम्ही एका थोर बाईचे चरित्र लिहा. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. दुधाच्या हिशेबाच्या वहीपलीकडे माझ्या हातून लिखाण झालेले नाही. तरी धीर करून हे चार शब्द लिहिते. चूकभूल पदरात घ्यावी.

आपण काष्टीच्या बायका एक शब्द दिवसातून कितीदा तरी बोलतो. पोराला अंगणवाडीत सोडून आले, अंगणवाडीतून खाऊ आणला, अंगणवाडीच्या ताई आजारी आहेत. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोठून आला हे आपल्या मनातही येत नाही. मलाही तो सरकारी शब्द वाटे. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी मला एक जुने पुस्तक वाचायला दिले. त्याचे नाव ‘कोसबादच्या टेकडीवरून’. अनुताई वाघ यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिगत त्यात लिहिली आहे. दुपारची भांडी आवरली की मी ते घेऊन बसे. ते वाचताना मला कळले की, हा शब्द कचेरीत जन्मलेला नाही. दोन बायकांनी खरोखर लोकांच्या अंगणात जाऊन शाळा भरविली, त्यातून तो आला. त्यांतल्या एकीचे शिक्षणही प्रथम माझ्यासारखे सातवीपर्यंतच झाले होते. म्हणून हे चरित्र मी निवडले.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगाव येथे झाला. मोरगाव म्हणजे मोरेश्वराचे, अष्टविनायकांतले पहिले. आपल्याकडून दौंड ओलांडले की बारामती तालुक्यात ते लागते. आपल्यातल्या पुष्कळजणी सिद्धटेकला जोडून मोरगावचे दर्शन घेऊन आल्या आहेत. मीही गेले आहे. पण अशी एक बाई त्या गावात जन्मली हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

त्या काळच्या चालीप्रमाणे अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्यांचे कपाळ पांढरे झाले. तेरा वर्षांच्या मुलीला संसार म्हणजे काय हेही कळत नाही, तोच तो संपलाही. त्या काळी अशा मुलीचे काय होत असे हे आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. घराच्या मागच्या बाजूला, चुलीपाशी, सगळ्यांच्या शेवटी जेवायचे, शुभकार्यात पुढे यायचे नाही. आमच्या आजीची एक बहीण अशीच होती. तिचे नावसुद्धा कोणी घेत नसे, सगळे तिला नुसते आत्या म्हणत.

अनुताईंच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी झाली, त्यांचे शिक्षण चालू राहिले. त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरल्या. त्या वेळी मराठी सातवीच्या परीक्षेला असे म्हणत, आणि तेवढ्या शिक्षणावर मास्तर होता येत असे. पुढे पुण्यात शिक्षिकेचे शिक्षण घेऊन १९२९ मध्ये त्या बाहेर पडल्या. वय एकोणीस. पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात खेड्यातील शाळेवर मिळाली. एकोणीस वर्षांची एकटी विधवा मुलगी, परका मुलूख, आणि खेड्यातली शाळा. आजही एखाद्या नवीन बाई आपल्या गावच्या शाळेवर आल्या की, त्यांचे घर कोठे, माणूस कोठे, ह्या चौकशा आपण आधी करतो. तेव्हा शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल ते सांगायला नको.

चार वर्षांनी, १९३३ मध्ये, त्या पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि पुढची अकरा वर्षे तेथे राहिल्या. दिवसा त्या मुलींना शिकवीत आणि रात्रीच्या शाळेत जाऊन स्वतः शिकत. असे करून १९३७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पदवीची परीक्षा त्यांनी १९६१ मध्ये दिली, तेव्हा त्यांचे वय एकावन्न होते. भगिनींनो, मला आता त्रेचाळिसावे चालू आहे. बचत गटाच्या बैठकीत कागद वाचायची वेळ आली की, आता ह्या वयात काय शिकायचे असे मी म्हणत असे. ते म्हणणे मी हे पुस्तक वाचल्यापासून सोडून दिले आहे.

पुण्याची कायमची नोकरी, शाळेत मान, ओळखीची माणसे. एवढ्यावर एखादी बाई समाधानाने निवृत्त झाली असती. परंतु १९४५ मध्ये अनुताईंच्या आयुष्याला वळण लागले. त्याच्या आदल्या वर्षी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबा गांधी तुरुंगवासात वारल्या होत्या. त्यांच्या नावाने निधी जमवून खेड्यांतल्या बायकांसाठी व मुलांसाठी काम करावे असे ठरले. त्यासाठी सेविका तयार करण्याचे एक शिबिर मुंबईजवळ बोरिवलीला भरले, आणि अनुताई तेथे गेल्या. तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली.

ताराबाईंविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून अनुताईंची गोष्ट पुरी होत नाही. ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या आणि १९१४ मध्ये बी. ए. झाल्या. त्या काळी बी. ए. झालेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात पडले होते. त्यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले. मुलांना मारू नये, भीती घालू नये, त्यांच्या हाताला काम आणि डोळ्यांना पाहायला मिळाले की ती आपोआप शिकतात, असा त्यांचा विचार होता. ताराबाई १९२३ मध्ये त्यांच्या कामात सामील झाल्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालू केला.

ह्या सगळ्याचे मूळ परदेशात होते. जर्मनीत फ्रेबेल नावाच्या शिक्षकाने १८४० च्या सुमारास लहान मुलांच्या शाळेला मुलांची बाग असे नाव दिले. किंडरगार्टन हा शब्द त्याचाच. पुढे इटलीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरीण बाईंनी १९०७ मध्ये रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालघर उघडले आणि मुलांच्या हाताळण्यासाठी लाकडाची, मण्यांची, कापडाची नाना साधने तयार केली. ती साधने फार विचारपूर्वक केलेली, पण किंमतीने भारी. मुंबईच्या शाळेला ती परवडतील, खेड्याला कशी परवडणार? आणि शहरातल्या सुखवस्तू मुलांनाच हे शिक्षण मिळायचे असेल, तर खेड्यातल्या मुलांचे काय? ताराबाईंना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी शहरातले नाव झालेले काम मागे ठेवले आणि १९४५ मध्ये बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या. ताराबाई त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. एकीने योजना आखावी, दुसरीने ती घरोघर जाऊन उभी करावी, अशी ही जोडी अठ्ठावीस वर्षे टिकली.

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, डहाणू तालुक्यात. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. गावात बालवाडी तर निघाली, पण जी मुले यावीत म्हणून ती काढली, तीच मुले येईनात. गोरगरिबांच्या आणि त्या वेळी ज्यांना हरिजन म्हणत त्यांच्या वस्तीतल्या आया पहाटे कामावर जात. पोराला आंघोळ घालून, कपडे चढवून, वेळेवर गावातल्या शाळेत कोणी आणून सोडायचे? शिवाय गावातल्या मोठ्या लोकांच्या मुलांशेजारी आपले मूल बसू देतील की नाही ही धास्ती होतीच.

अशा वेळी आपण काय करतो? ह्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही असे म्हणतो आणि मोकळे होतो. ताराबाई आणि अनुताईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे असे त्यांनी ठरविले. वस्तीतल्याच एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, तेथेच मुले गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ चालू करायचे. हीच अंगणवाडी. घरातली म्हातारी ओट्यावरून पाहते आहे, कामावरून आलेली आई दाराशी उभी राहून ऐकते आहे. आपले पोर घाण नाही, ते गाऊ शकते, मोजू शकते, हे तिला स्वतःच्या अंगणात दिसले. मला वाटते, मुलांपेक्षाही त्या आयांची शाळा जास्त झाली असेल.

साधनांचा प्रश्न त्यांनी असा सोडविला की वाचून मला हसू आले आणि मनाला लागलेही. विकत काही आणायचेच नाही. शंखशिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, फुले, काड्या, माती, बांबू, नारळाच्या करवंट्या. मोठे पान लहान पान वेगळे करा, झाली लहानमोठ्याची ओळख. खडबडीत साल आणि गुळगुळीत शिंपला डोळे मिटून हाताने ओळखा, झाले स्पर्शाचे शिक्षण. फुले रंगांप्रमाणे मांडा, चिंचोके पाचपाचाच्या ढिगांनी मांडा, सुकलेल्या शेंगेत बिया घालून वाजवा, ओल्या मातीचे बैल करा. ज्या वस्तू मूल रोज पायाखाली तुडविते, त्याच उचलून त्याच्या हाती दिल्या की ते शिकू लागते. परदेशातल्या त्या विदुषीने शोधलेले तत्त्व तेच राहिले, फक्त लाकडी ठोकळ्यांच्या जागी आपल्या मातीतल्या वस्तू आल्या. वाडी हा शब्दही मला येथे नव्याने कळला. कोकणात वाडी म्हणजे झाडापेडांची बाग. बालवाडी म्हणजे मुलांची बागच की!

१९५७ मध्ये दोघींनी आपले काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर नेले. ते गावही डहाणू तालुक्यातच, पण समुद्रापासून आत, वारली आणि इतर आदिवासी लोकांच्या मुलखात. येथे बोर्डीहून निराळ्या अडचणी. पाड्यातले घर एका टेकडीवर तर दुसरे दुसऱ्या. पाच-सहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन हिंडणार, आठ वर्षांचा मुलगा जनावरांमागे जाणार. तो शाळेत बसला तर गुरे कोणी राखायची? आणि गुरे नाही राखली तर खायचे काय? त्या आईबापांचे म्हणणे खोटे नव्हते.

ह्यावर त्यांनी दोन उपाय केले, आणि ते दोन्ही मला फार थोर वाटतात. पहिला म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवायची. मोठी बहीण शाळेच्या वर्गात, मधला बालवाडीत, आणि कडेवरचे तान्हे पाळणाघरात. त्यामुळे भावंडे सांभाळायची म्हणून ज्या मुलीची शाळा बुडत असे, तिला वर्गात बसता येऊ लागले. दुसरा उपाय कुरणशाळेचा. जी मुले सकाळी गुरे घेऊन कुरणात जातात, त्यांची शाळा कुरणातच भरवायची. शिक्षक मुलांबरोबर रानात जाणार. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, गवताच्या काड्या जुळवून आकडे करताहेत, ओढ्याचे पाणी कोठून आले, हे पाखरू कोणते, ह्या पानाने जखम बरी होते की नाही, असे बोलणे चालले आहे. त्यातल्या कितीतरी गोष्टी त्या मुलांना गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक. आपल्याला काही येते हे ज्याला कळले, ते मूल न येणारे शिकायलाही भीत नाही. ज्यांना दिवसा मुळीच सवड नाही, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

कुरणशाळेची हकिगत वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. मी लहानपणी शेरडे राखली आहेत. आमच्या माहेरी सात शेरडे आणि त्यांची करडे होती. शाळा सुटली की दप्तर टाकून नदीच्या कडेला न्यायची. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी, जायला यायला सोबत नाही, घरी धाकटी भावंडे, म्हणून माझे नाव काढले. वडिलांचा दोष नव्हता, गावात सगळ्याच मुलींचे तसे होई. पण शेरडे मोजायला मी खडे ठेवीत असे, बाभळीच्या शेंगा वाटून घेताना भागाकार करीत असे, आणि वाळूत काठीने नावे लिहीत असे. ते शिक्षण होते हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. तेव्हा कोणी बाई त्या नदीकाठी येऊन आमच्यात बसली असती तर! असो.

ताराबाईंना भारत सरकारने १९६२ मध्ये पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. आता ही संस्था बंद पडणार असे कोणाला वाटले असेल तर ते खोटे ठरले. अनुताईंनी सर्व भार उचलला. त्यांनी शिक्षिका तयार केल्या, ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक वर्षानुवर्षे संपादित केले, बालवाडी चालविणाऱ्या बायांसाठी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था काढून डहाणू तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम त्यांनी आणखी पुढे नेले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली, आणि १९८५ मध्ये बालकांच्या व स्त्रियांच्या कामाबद्दल जमनालाल बजाज पारितोषिक मिळाले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. बोर्डीला पाऊल टाकल्यापासून सत्तेचाळीस वर्षे त्यांनी ह्याच एका कामात घालविली. ज्या मुलीला तेराव्या वर्षी समाजाने अपशकुनी ठरविले, तिच्या मांडीवर किती मुले वाढली ह्याची गणती नाही.

ताराबाई वारल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना चालू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. तामिळनाडूतली बाई आणि पंजाबातली बाईही हा आपला मराठी शब्द बोलते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे. बोर्डीच्या अंगणात तेच चालले होते.

आता थोडे आपल्या गावाविषयी लिहिते. हे लिहावे की नाही ह्याचा मी पुष्कळ विचार केला. पण अनुताईंचे चरित्र नुसते गोड म्हणून वाचायचे आणि बाजूला ठेवायचे, हे बरे नव्हे.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा चार वर्षांचा आहे. तो रोज बूट-मोजे घालून गाडीतून शाळेत जातो, आणि घरी आल्यावर मोबाईल मागतो. मातीत हात घातला की आम्ही सगळ्याजणी ओरडतो. मागच्या उसाच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीने आमच्या शेताच्या बांधापलीकडे कोप्या घातल्या होत्या. तिथली एक सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर तान्हा भाऊ घेऊन आमच्या नळावर पाणी न्यायला येई. एके दिवशी पाहते तो ती आणि आमचा पुतण्या लिंबाखाली चिखलात बसलेले. तिने चिंचोके पाचपाचाचे मांडले होते आणि तो तिच्या मागोमाग मोजत होता. वीसपर्यंत बिनचूक. शाळेत इतके महिने झाले तरी त्याला हे येत नव्हते. पण माझे लक्ष त्याच्या नव्या चड्डीवरच्या चिखलाकडे गेले. मी त्याला एक चापट मारली, चिंचोके पायाने सारले आणि त्या मुलीला रागे भरले. ती काही बोलली नाही. भावाला उचलून, हंडा तसाच ठेवून निघून गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हे पुस्तक माझ्या हाती आले. विकासवाडीचे पान वाचले आणि मला घाम फुटला. तीच मुलगी, तेच कडेवरचे भावंड. चिंचोक्यांवर मोजायला शिकविणारी ती बालवाडीची बाईच होती, आणि तिची शाळा मी पायाने मोडली होती. दुसऱ्या दिवशी पाटी, खडू आणि तिचा हंडा घेऊन मी बांधापलीकडे गेले. कोप्यांच्या जागी चुलीची राख आणि वाळलेले वाढे पडले होते. टोळी दुसऱ्या गावाला हलली होती. तिचे नावदेखील मी विचारले नव्हते. तो हंडा अजून आमच्या मोरीत आहे.

भगिनींनो, आपल्या तालुक्यात ऊस आहे तोवर टोळ्या येणार. त्यांच्या मुलांसाठी कोठे कोठे साखरशाळा निघाल्या, पण प्रत्येक बांधापर्यंत त्या पोचत नाहीत. शनिवारच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांच्या मागे हिंडणारी लहान पोरेही आपण दर आठवड्याला पाहतो. वर्धापनदिनासाठी आपण जी वर्गणी जमविली आहे, तिच्यातून काय करावे ह्यावर अजून मतभेद आहेत. कोणी खुर्च्या म्हणतात, कोणी ध्वनिक्षेपक म्हणतात. त्या वस्तू उपयोगाच्या नाहीत असे मी म्हणत नाही. माझी मागणी पैशाची नाहीच. मला आठवड्यातून दोन सकाळी आणि चार बायका पाहिजेत.

आमच्या लिंबाखालची जागा मोकळी आहे. घरच्यांची परवानगी मी काढली आहे. येत्या हंगामात कोप्या पडल्या की, तेथे सकाळी दोन तास मुले जमवावीत. एकीने तान्ही सांभाळावीत, एकीने हातपाय धुवून केस विंचरावेत, एकीने गाणी-गोष्टी सांगाव्यात. अंगणवाडीच्या ताई मार्ग दाखवायला तयार आहेत, आणि मुलांची नावे सरकारी केंद्रात घालायची खटपटही त्या करणार आहेत. साधने म्हणून चिंचोके, करवंट्या, नदीचे गोटे आणि लिंबोळ्या. आपली स्वतःची मुले-नातवंडेही तेथेच, त्याच चिखलात बसू द्यावीत, ही माझी अट. वेगळी बसविली तर ह्या कामाला काही अर्थ उरणार नाही.

आपल्याला जमेल का, अशी शंका कोणाला येईल. आपण कमी शिकलेल्या आहोत हे खरे. पण मोरगावची ती मुलगी सातवीच्या शिक्षणावरच घराबाहेर पडली होती. बाकीचे ती काम करता करता शिकली.

ज्यांना यायचे असेल त्यांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमानंतर मला भेटावे.